लॉगच तर आहेत, उडवू का?

आजचा किस्सा डिस्क भरलेल्या डेटाबेसचा आहे, आणि त्यातला गाढवपणा माझाच आहे.

रात्रीचे पावणेदोन. फोन आला, ॲप बंद पडलंय. लॅपटॉप उघडून बघतो तर डेटाबेस सर्व्हरची डिस्क 100 टक्के भरलेली आणि पोस्टग्रेस झोपलेला. जागा कोणी खाल्ली? 'पीजी वॉल' नावाच्या फोल्डरने. आत 16-16 एमबीच्या हजारो फाइली. म्हटलं, लॉगच तर आहेत, जुन्या उडवू. कमांड टाइपसुद्धा केली. एंटर दाबण्याआधी सहज टीममधल्या ताईला फोन लावला. ती म्हणाली, "आधी हात काढ कीबोर्डवरून!"

का? दुकानात व्यवहार आधी कीर्दीत लिहितात, मग सवडीने खतावणीत उतरवतात. या फाइली म्हणजे पोस्टग्रेसची कीर्द. सर्व्हर मध्येच पडला, तर उठताना तो हीच वाचून हिशोब जुळवतो. कीर्दच फाडली तर डेटा गेला समजा. पूर्वी या फोल्डरच्या नावात 'लॉग' होतं, ते बघून लोक खरंच डिलीट करायचे. म्हणून 2017 मध्ये, आवृत्ती 10 पासून, नावच बदललं.

मग केलं काय? आधी डिस्क थोडी वाढवली, सर्व्हर उठवला. मग ताईने विचारलं, "रेप्लिकेशन स्लॉट बघितलेस?" बघितले. एक स्लॉट बंद पडलेला. आणि लख्ख आठवलं! खर्च वाचवायला टेस्टिंगचा रेप्लिका मीच पंधरा दिवसांपूर्वी बंद केला होता. स्लॉट काढायचा राहिला. बिचारा पोस्टग्रेस त्या गेलेल्या रेप्लिकासाठी प्रत्येक फाइल जपून ठेवत बसला होता. स्लॉट काढला, चेकपॉइंट चालवला, जागा आपोआप मोकळी झाली. एकही फाइल हाताने उडवली नाही.

तेव्हा मंडळी, रेप्लिका काढलात की स्लॉटही काढा. आवृत्ती 13 पासून स्लॉटने किती वॉल अडवावं याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. स्वतः घालावी लागते. मर्यादा ओलांडली तर मागे पडलेला रेप्लिका नव्याने उभारावा लागू शकतो, पण मुख्य सर्व्हर वाचतो. आणि डिस्क 80 टक्के झाली की अलर्ट येऊ द्या.

सकाळी टीमला खरं काय ते सांगितलं. पोटात गोळा आला होता, पण सांगितलं. आता रेप्लिका बंद करायच्या आमच्या यादीत पहिली ओळ आहे: स्लॉट काढला का?

चला, भेटू पुढच्या भागात!