गंडकीच्या दरीतून मुक्तिनाथाकडे

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात मंदिराच्या सभामंडपात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. एस.एस.सी.पर्यंत शिकलो आणि तहसील कचेरीत कारकुनी करीत आलो. व्याख्यान देणे हे माझे काम नाही. परंतु हिशेब देणे हे माझे काम आहे, आणि आपणा सर्वांना एक हिशेब देणे मजकडे बाकी आहे. समितीने मला पाच हजार एक रुपये देऊन गंडकी नदीवरून नवा शाळिग्राम आणावयास सांगितले होते. मी हिमालयात जाऊन आलो, मुक्तिनाथाचे दर्शन घेऊन आलो, पण शाळिग्राम आणला नाही. असे का झाले, हे पुष्कळांनी मला विचारले. त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देतो.

आरंभ माझ्या चुकीपासूनच केला पाहिजे. जुना गाभारा उतरविण्यापूर्वी देव पत्र्याच्या मंडपात हलविले, तो दिवस आपणास आठवत असेल. विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्ती चौघांनी नेल्या. शाळिग्रामाचे ताम्हन माझ्या हाती होते. उंबरठ्याशी पाय घसरला, ताम्हन कलंडले आणि शाळिग्राम दगडी पायरीवर आपटला. त्याला एक भेग गेली आणि बोटाच्या पेराएवढा कपचा उडाला. किती पिढ्यांनी ज्यावर तुळस वाहिली, त्याला माझ्या हातून इजा झाली. पुजारीकाका तेव्हाच म्हणाले होते की शाळिग्रामाला भंगल्याचा दोष लागत नाही. पण मला वाटले, ते माझी समजूत घालीत आहेत. गावातही कुजबूज झाली. अखेर नवा शाळिग्राम आणावा आणि जुना नदीत विसर्जन करावा असे ठरले. मी म्हणालो, चूक माझी, तेव्हा प्रवासखर्च माझा. गेल्या वर्षी कार्तिकात अर्जित रजा काढून निघालो. तो कपचा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बरोबर घेतला. जिथून आला तिथेच त्याला सोडावा असा विचार होता.

आम्ही सहाजण होतो. मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तेथून सुनौलीची सरहद्द आणि पुढे बसने पोखरा. हल्ली पोखऱ्याहून जीपगाड्या आणि बसेस मुक्तिनाथाच्या पायथ्यापर्यंत जातात. जोमसोमपर्यंत लहान विमानही जाते. पण मला पायी जावयाचे होते. पायी चालणाऱ्यांसाठी बिरेठाँटी, घोरेपानी, तातोपानी अशी जुनी वाट आहे. त्या वाटेने आमचा गाईड आम्हांस घेऊन गेला. हा गुरुंग समाजाचा, साठीकडे झुकलेला माणूस. आपल्या भारतीय सेनेच्या गुरखा पलटणीतून निवृत्त झालेला. त्यामुळे हिंदी उत्तम. आम्ही त्यांना दाइ म्हणत असू. दाइ म्हणजे थोरला भाऊ.

दुसऱ्या दिवशी उलेरीचा चढ लागला. तीन हजारांवर दगडी पायऱ्या. मी तरण्या पोरांच्या बरोबरीने भराभर चढू लागलो आणि अर्ध्यात बसकण मारली. दाइ मागून सावकाश आले आणि म्हणाले, "बिस्तारै, बिस्तारै." म्हणजे हळूहळू. पुढे सारी वाट हा एकच मंत्र त्यांनी आम्हांस दिला. घोरेपानीजवळ पून हिल नावाची ३,२१० मीटर उंचीची टेकडी आहे. तेथून पहाटे धौलागिरी आणि अन्नपूर्णा ही शिखरे उजळताना पाहिली. आपण ज्याला टेकडी म्हणतो ती आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंच, आणि तिथे तिला कोणी डोंगर म्हणावयासही तयार नाही!

मग दोन हजार मीटर खाली उतरून तातोपानीस आलो. नावाप्रमाणेच येथे गरम पाण्याचे झरे आहेत. येथून काली गंडकीची दरी सुरू झाली. धौलागिरी ८,१६७ मीटर, अन्नपूर्णा ८,०९१ मीटर, दोहोंमध्ये सरळ रेषेत अंतर साधारण ३५ किलोमीटर, आणि त्यांच्या मधून नदी वाहते ती सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरून. म्हणजे शिखरापासून पात्रापर्यंत साडेपाच हजार मीटरांचा फरक. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर जागा उरेल. जगातील अतिशय खोल दऱ्यांत हिची गणना होते.

मनात येई, एवढे उंच डोंगर आडवे असताना नदी त्यांतून पार झालीच कशी? याचे उत्तर असे की नदी आधीची आणि डोंगर मागाहूनचे. आज जिथे हिमालय आहे तिथे पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आपली भारताची भूमी आशियाला भिडली आणि समुद्राचा तळ वर उचलला जाऊ लागला. डोंगर वर्षाला थोडा वर येई, नदी तेवढा कापून काढी. तिने आपली वाट सोडली नाही. तिबेटच्या सरहद्दीजवळून निघून, हिमालयाची मुख्य रांग भेदून, खाली नारायणी नाव घेऊन ती बिहारात हाजीपूर-सोनपूरजवळ गंगेला मिळते.

ही दरी जितकी पवित्र तितकीच अवघड. २४ मे २०१५ रोजी म्याग्दी जिल्ह्यात अख्खा डोंगर खचून नदी अडली होती. मागे तळे साचले आणि खालच्या गावांतील लोकांना रातोरात हलवावे लागले. अशा ठिकाणी दाइ आम्हांस बोलू देत नसत. वर नजर ठेवून, एकामागून एक, झपाझप पुढे जावयाचे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दिवस वर आला की मुस्तांगचे उंच, कोरडे पठार तापते, तेथील हवा वर जाते आणि खालची हवा या अरुंद दरीतून भात्यासारखी ओढली जाते. म्हणून जोमसोमची विमाने सकाळीच उडतात. दाइ आम्हांस पहाटे उठवून दहा-अकरापर्यंत मुक्कामाला नेत. मार्फा गावी मात्र मी त्यांचे ऐकले नाही. मार्फ्याची सफरचंदे प्रसिद्ध आहेत. ती घेण्यात, गावाच्या फरसबंद गल्ल्या पाहण्यात मी दोन तास घालविले. पुढे जोमसोमच्या वाटेवर वाऱ्याने गाठले. वारा पाठीमागून, पण वाळू आणि खडे अंगावर येत, डोळे उघडता येईनात. तोंडाला उपरणे बांधून, एकमेकांच्या पिशवीला धरून आम्ही पोहोचलो. दाइ रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "वाट दाखविणे माझे काम आहे, ऐकणे तुमचे."

जोमसोमपुढे कागबेनी लागते. मुक्तिनाथाकडून येणारा झोंग खोला येथे काली गंडकीला मिळतो. या संगमावर लोक पितरांचे पिंडदान करतात. मीही वडिलांच्या नावे केले. त्याच संध्याकाळी आमच्यापैकी एकाचे डोके दुखू लागले, अन्न जाईना. आपण २,८०० मीटरवर होतो आणि उद्या हजारभर मीटर आणखी चढावयाचे होते. दाइंनी सांगितले, उद्या कोणी वर जाणार नाही, येथेच विश्रांती. आमच्यातील दोघे नाराज झाले, कारण परतीचे आरक्षण होते. दाइ म्हणाले, "देव कुठे जात नाही. माणूस जातो." मंडळी, आपल्यापैकी जे पुढे जीपने जातील त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. पोखरा ८०० मीटरच्या आसपास आणि मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. एकाच दिवसात गाडीने वर पोहोचले की शरीराला विरळ हवेची सवय होण्यास वेळ मिळत नाही. वाटेत मुक्काम करावा, पाणी भरपूर प्यावे, आणि डोके दुखून उलट्या होऊ लागल्या तर दर्शनाचा हट्ट सोडून खाली उतरावे.

त्या सक्तीच्या विश्रांतीच्या दिवशी माझे काम झाले. नदीचे पात्र तेथे ऐसपैस रुंद आहे. करड्या वाळूत पाण्याचे चार-सहा प्रवाह, बाकी सारे गोटेच गोटे. मी तीन-चार तास वाकून शोधले. काही मिळाले नाही. गावात एक म्हातारी बाई पाल मांडून शाळिग्राम विकत होती. कित्येक नग होते. मी एक गुळगुळीत, काळाभोर, कुठेही ओरखडा नसलेला गोटा उचलला आणि किंमत विचारली. दाइंनी विचारले, "हाच का?" मी म्हणालो, "आमचा फुटला आहे, म्हणून अखंड पाहिजे." आणि फडक्यातून तो कपचा काढून त्यांना दाखविला.

दाइंनी तो म्हातारीच्या हाती दिला. तिने तो उलटा केला, थुंकी लावून अंगठ्याने पुसला आणि उन्हात धरला. आतल्या बाजूला बारीक, वळणदार रेघा होत्या. शंखावर असतात तशा. ती हसून दाइंना काही म्हणाली. दाइंनी सांगितले, "ही म्हणते, तुमच्याजवळ चक्र असताना तुम्ही गोटा कशाला विकत घेता?"

मी खालीच बसलो. इतके महिने तो तुकडा आपण फडक्यात बांधून ठेवला होता. लाजेने मी तो कधी उलटा करून पाहिलाच नव्हता.

मग दाइंनी समजावून सांगितले. शाळिग्राम म्हणजे त्या जुन्या समुद्रातील शंखासारख्या जीवाचा दगड झालेला अवशेष. शास्त्रज्ञ त्याला अमोनाइट म्हणतात, आणि येथील अवशेष सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या जीवावर काळ्या चिखलाचा गोळा बसून दगड झाला. पुराणात वृंदेच्या शापाने विष्णू पाषाण झाला असे सांगितले आहे. विज्ञान म्हणते जीव पाषाण झाला. दोघेही म्हणतात, या दगडात कोणीतरी होते. गोळा अखंड असेल तर बाहेरून नुसता काळा गोटा. नदीत आपटून तो फुटतो, झिजतो, किंवा माणूस हातोडीने फोडतो, तेव्हा चक्राचे दर्शन होते. म्हातारीच्या पालावर ज्यांत चक्र दिसत होते ते सारे कुठेतरी फुटलेलेच होते.

तेव्हा मला पुजारीकाकांचे शब्द आठवले. ते माझी समजूत घालीत नव्हते. शास्त्र सांगत होते. शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही आणि भंगला तरी तो त्याज्य होत नाही. त्याचे मोल करू नये, असेही आपल्याकडील जुनी माणसे सांगत. मी हातातला गोटा परत ठेवला. बाईंना त्रास दिल्याबद्दल त्यांच्याकडून घरासाठी तुळशीची एक माळ घेतली. कपचा गंडकीत सोडला नाही. तिच्या पाण्यात एकदा बुडवून पुन्हा फडक्यात बांधला.

तिसऱ्या दिवशी, आमच्या सोबत्याला बरे वाटल्यावर, झारकोटमार्गे मुक्तिनाथास पोहोचलो. एवढ्या लांबून लोक येतात ते मंदिर किती मोठे असेल असे वाटते. ते लहानसे आहे, आपल्या नव्या सभामंडपात सहज मावेल असे. मागे अर्धवर्तुळात १०८ धारा, समोर दोन कुंडे, पाणी बर्फासारखे. त्या धारांखालून धावत जाताना विठ्ठलाचे नाव आपोआप मोठ्याने निघाले. आपण त्या मूर्तीला मुक्तिनारायण म्हणतो. बौद्ध लोक तिलाच अवलोकितेश्वर म्हणून वंदन करतात, आणि तेथील सेवेत बौद्ध भिक्षुणी असतात. जवळच ज्वालामाईच्या देवळात भूमीतून निघणाऱ्या वायूची लहानशी निळी ज्योत जळत असते आणि तिच्याशेजारून पाणी वाहते. एकाच देवळात दोन धर्मांचे लोक रांगेत उभे होते आणि कोणी कोणाला तू कोण म्हणून विचारत नव्हते. आपल्या जीर्णोद्धारात कोणत्या आळीने किती दिले यावरून जे थोडे बोलणे झाले, त्याची मला तिथे आठवण आली. अधिक बोलत नाही.

आता हिशेब. समितीने दिलेले ५,००१ रुपये मी परत आल्यावर जसेच्या तसे जीर्णोद्धार निधीत जमा केले असून पावती घेतली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जमाखर्चाच्या वहीत पाहावी. समितीच्या बैठकीत मी कपचा उलटा करून सर्वांच्या हाती दिला. चर्चा झाली. दोघा-तिघा वडीलधाऱ्यांना हे पटले नाही, त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु बहुमताने ठरले, आणि आज सकाळी आपला जुनाच शाळिग्राम भेगेसह नव्या गाभाऱ्यात विराजमान झाला आहे. कपचा त्याच्याजवळच चांदीच्या वाटीत ठेवला आहे. पुजारीकाकांनी तो चक्राची बाजू वर करून ठेवला आहे. दर्शनास जाताना जरूर पाहावा.

माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मी आज या सभामंडपात गावाची क्षमा मागतो. 

राम कृष्ण हरी.