अर्धवट राहिलेला पडदा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर बँकेत आकडे मोजले, त्यामुळे वेळेचा हिशेब चुकणार नाही.

आठवतंय ना, चित्रकलेच्या तासाला सर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगायचे? १८९० साली सुतारकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यात जन्मलेला हा माणूस कुठल्या कलाशाळेत गेला नाही. बंधू आनंदरावांबरोबर त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. लोकांनी 'पेंटर' म्हटलं आणि तेच आडनाव झालं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा स्वतःच बनवायचा असं त्यांनी ठरवलं. पण तो पुरा होण्याआधीच, १९१६ साली आनंदराव गेले.

इथपर्यंत आलं की सर थोडं थांबायचे. मग सांगायचे, "बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला."

दामल्यांच्या साथीने तो पुरा झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं. १९२० साली 'सैरंध्री' आला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. चित्रीकरणाआधी ते प्रसंग कागदावर रेखाटून घ्यायचे, पोशाख ठरवायचे, जाहिरातीची चित्रंही स्वतः रंगवायचे. 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये देवादिकांना बाजूला ठेवून कर्जात जमीन गमावलेला शेतकरी दाखवला. त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत होते शांताराम. पुढे दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही त्यांच्याच हाताखाली शिकलेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी 'प्रभात' उभी केली.

ही गोष्ट आज का सांगतोय?

दहावीच्या गॅदरिंगला गडाचा पडदा आम्ही दोघांनी रंगवला होता. मी आणि माझा बाकावरचा सोबती. नाव घेत नाही, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सरस जास्त पडला आणि पडदा गुंडाळताना अर्ध्या बुरुजाचे पोपडे निघाले. तुम्ही सगळे हसलात. तो म्हणाला, "सुट्टीत परत रंगवू." त्याच सुट्टीत तो गेला.

त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. घरच्यांना वाटलं, नोकरीचं बघतोय. सर, तुम्ही दोनदा घरी आलात, कलाशाळेचा फॉर्म घेऊन. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. आई म्हणाली, "तो बाहेर गेलाय." ते खोटं होतं. चाळीस वर्षं झाली, आज तुमची माफी मागतो.

तुमची गोष्ट मला फार उशिरा कळली. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी कॅमेरा कोपऱ्यात टाकला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण मग दोघांचंही काम तिथंच संपलं असतं.

निवृत्तीनंतर मी रंग आणले. हात थरथरतो, रेषा नीट येत नाही. तरी तो गड पुन्हा रंगवलाय. बाहेर व्हरांड्यात लावलाय. बुरुज अजून वाकडाच आहे. चहाच्या वेळी सगळ्यांनी बघा आणि तेव्हासारखंच हसा.

आणि सर, तुम्ही मात्र लाल पेन्सिल घेऊन या. चुका दाखवायच्या राहिल्यात.