मचाणाची शिडी



मला संयोजकांनी सांगितलं होतं, ‘तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल.’ पण दुपारी पंगत बसली तेव्हा आपल्यातल्या निम्म्या लोकांनी खुर्ची मागितली. म्हणून मी गुडघ्यावर बोलणार आहे.

माझं माहेर सातारा, सासर सांगली. दोन्हीकडच्या आजोबांच्या तोंडी शिकारीच्या गोष्टी असायच्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदूक थांबली, मचाण मात्र राहिलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या जंगलातली ही एक रात्र मी सहसा चुकवत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका उतारावर मुरमावरून पाय घसरला आणि गुडघा पिरगळला. एसीएल तुटलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा दोर. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर काढून नवा दोर बसवला. एक डॉक्टर म्हणाले, “आता या वयात जंगल कशाला? ऑफिसला जाता आलं म्हणजे झालं.” फिजिओथेरपिस्ट मुलीनं मात्र विचारलं, “मॅडम, तुम्हाला नेमकं काय करायचंय?”

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात. मी कागदावर तीन ओळी लिहिल्या : मचाणाची शिडी चढायची, रात्रभर बसायचं, सकाळी डोंगर उतरायचा. तिनं सगळा व्यायाम त्यावरून बेतला.

सुरुवातीचं काम अगदी क्षुल्लक दिसतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, टाच सरकवत गुडघा वाकवायचा, पाय पूर्ण सरळ करायचा. ऑपरेशननंतर मांडी फार लवकर सुकते. टेपनं मोजली तर माझ्या दोन मांड्यांत तीन सेंटिमीटरचा फरक होता. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं, सायकल, एका पायावर तोल, पायरीवरून सावकाश उतरणं. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची परीक्षा उतरताना होते. तेव्हा मांडीचा स्नायू ब्रेकचं काम करतो.

सगळ्यात फसवा काळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचा. दुखणं गेलेलं असतं, पण बसवलेली शीर तेव्हा उलट कच्ची झालेली असते. तिच्यात नव्यानं रक्तपुरवठा होऊन ती रुजायला वेळ लागतो. म्हणून पळापळीच्या खेळाला निदान नऊ महिने थांबायला सांगतात. त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा मी घरातल्या गच्चीवर काढली. सोपं नव्हतं.

या सगळ्यात मला आई दिसायची. पन्नाशीतच तिचे गुडघे दुखायला लागले. ‘आता वय झालं’ एवढंच सगळे म्हणाले, मीसुद्धा. सज्जनगडावर जाणं सुटलं, मग जमिनीवर बसणं, मग शेजारचं लग्नकार्य. कुणी तिला विचारलंच नाही की तुला नेमकं काय करायचंय. माझा व्यायाम चालू असताना ती समोर खुर्ची घेऊन बसायची आणि माझ्याबरोबर उठबस करायची. ती अजून गड चढलेली नाही. पण हात न टेकता उठते आणि देवासमोर स्वतः दिवा लावायला जाते.

यंदाच्या मे महिन्यात, ऑपरेशनला चौदा महिने झाल्यावर, मी शिडी चढले. पहाटे तीनच्या सुमाराला पाच गवे पाण्यावर आले. मी पाच आकडा लिहिला. सकाळी काठी टेकत उतरले. सगळ्यांच्या मागून, पण स्वतःच्या पायांनी.

मैत्रिणींनो, विशेष करून तुम्हाला सांगते. घरातल्या प्रत्येकाच्या तपासण्यांच्या फायली आपण सांभाळतो, स्वतःचं दुखणं मात्र बाम लावून झोपवतो. दुखत असेल तर दाखवून घ्या, आणि डॉक्टरांना फक्त ‘दुखतंय’ म्हणू नका. पुन्हा काय करायचंय तेही सांगा. वारी असेल, फुगडी असेल, नाहीतर नातवंडाशी जमिनीवर बसून खेळणं.

उद्या सकाळी सहाला आम्ही काही जण अजिंक्यताऱ्यावर जाणार आहोत. शाळेत असताना पी.टी.चे सर पळत न्यायचे. उद्या सर, आम्ही तुमच्या चालीनं चालू. अर्ध्यातून परतलात तरी चालेल. उतरताना घाई करायची नाही, एवढा एकच नियम.