राखेआधीचे हिशेब

२०२५ साली वऱ्हाडात उपासांची दाटी झाली होती. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र, २ मार्चला पहिला रोजा आणि ५ मार्चला राखेचा बुधवार. पहिले दोन उपास साऱ्या गावाला ठाऊक असतात. तिसऱ्याची, म्हणजे ख्रिस्ती मंडळींच्या उपवासकाळाची, शेजाऱ्यालाही फारशी खबर नसते.

हा काळ चाळीस दिवसांचा. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. ईस्टर येतो २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी. त्यामुळे होळी जवळजवळ दरवर्षी उपवासकाळातच सापडते. २०२४ साली तर २५ मार्चची धुळवड ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आली. मेळघाटातल्या कोरकूंचा होळी हा सर्वांत मोठा सण. तिथल्या ख्रिस्ती घराला रंगाचं आणि जेवणाच्या आमंत्रणाचं काय करायचं, हे आधीच बोलून ठेवावं लागतं.

तयारीची रीत पंथागणिक वेगळी. अकोल्यात अलायन्स मिशनचं काम एकोणिसाव्या शतकातलं. त्या परंपरेत राखेपेक्षा बायबलवाचन आणि उपवास-प्रार्थना यांना वजन. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या, घरात जपून ठेवलेल्या झावळ्या परत आणतात, जाळतात आणि ती राख कपाळी लावतात. नारळाचीच झावळी हवी असं नाही. दुसऱ्या झाडाची फांदीही चालते.

कॅथलिक नियमांत सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. दिवसात एक पोटभर जेवण, बाकी किरकोळ. वयाची अट १८ ते ५९. आजारी, गर्भवती आणि अंगमेहनतीची कामं करणारे यांना परंपरेने सूट आहे. हरभरा सोंगणाऱ्या बाईने उपाशीपोटी ऊन झेलावं, असं धर्म सांगत नाही. हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर ती मुकाट्याने उपास करत राहते.

आणखी एक गोष्ट त्याहून कडक आहे. उपवासकाळाच्या पहिल्याच शुक्रवारी कॅथलिक उपासनेत यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. उपास धरायचा आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घ्यायचं, अशा लोकांना संदेष्टा तिथे खडसावतो. देवाला आवडणारा उपास म्हणजे जोखड मोडणं, भुकेल्याला आपली भाकर देणं, उघड्याला वस्त्र देणं. हा उपदेश शेतमालकाला जितका लागू, तितकाच मंडळीच्या कमिटीला आणि चर्च झाडणाऱ्याचा पगार देणाऱ्यालाही.

म्हणून गावच्या चर्चने तयारीची सुरुवात पैशाच्या हिशेबापासून करावी. भजनांची तालीम, वेदीवरचं जांभळं कापड, क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं हे सारं हवंच. पण अडलेली मजुरी आणि धरलेला अबोला यांना तारीख ठरवून द्यावी.

२०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे. तोवर तूर घरात आलेली असते आणि कापूसवेचणीची मजुरी अनेकांची द्यायची राहिलेली असते. पाळकांनी, फादरांनी आणि कमिटीने जानेवारीच्या पहिल्या रविवारीच हा विषय मंडळीपुढे ठेवावा. त्याच दिवशी दोघा-तिघांनी शेजारच्या मोहल्ल्यात जाऊन यावं, कारण त्या साली रमजानही त्याच आठवड्यात सुरू होण्याची चिन्हं आहेत.