साक्षीदाराचे अभय
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या व्याख्यानाचा मान चिटणीसांनी आम्हांस दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. कायद्याचे पांडित्य आमच्यापाशी नाही. तथापि ज्या विषयावर आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे, तो विषय आमच्याकडे ग्रंथांतून आला नाही, एका विद्यार्थ्याकडून आला. म्हणून हे धाडस.

वीसेक वर्षांमागे ज्ञातीतील एका गृहस्थांनी आमच्याकडे एका मुलाची चौकशी केली. मुलगा आमच्याच हाताखाली शिकलेला. गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, मुलगा परदेशी नोकरीस आहे, पगारही बरा आहे म्हणतात. पण काम कोणते ते सांगत नाही. कोणत्या देशी जातो-येतो, हे त्याच्या आईलाही ठाऊक नाही. काही भानगड तर नाही ना?” मुलीच्या बापाची शंका रास्तच होती. आम्ही मुलास पत्र लिहिले. चार ओळींचे उत्तर आले : “गुरुजी, ज्यांनी भयंकर अत्याचार पाहिले, आणि जे ते न्यायासनापुढे सांगावयास तयार आहेत, अशा माणसांना सांभाळण्याचे काम मी करतो. याहून अधिक लिहिले तर मी माझे काम नीट करीत नाही असे होईल.” ते पत्र आम्ही गृहस्थांना दाखविले. लग्न जमले व संसारही सुखाचा झाला. परंतु आमच्या मनात त्या ओळींनी घर केले. पुढे जे प्रसिद्ध झाले आहे तेवढेच वाचून, व त्याला जे बोलण्याची मोकळीक आहे तेवढेच त्याच्याकडून समजावून घेऊन, जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे खटले चालले, तेव्हा अभियोक्त्यांच्या हाती मुख्यतः कागद होते. जर्मन अधिकाऱ्यांनी स्वतःच्या सह्यांनिशी हुकूम लिहून ठेवले होते. पण पुढच्या काळातील पुष्कळशा कत्तलींत कागद मिळत नाही. शेजारी शेजाऱ्यावर कोयता घेऊन जातो, त्याची नोंद कोणत्या दप्तरात असणार? तेथे पुरावा एकच. ज्याने पाहिले व जो वाचला, तो माणूस. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १९९३ साली पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील गुन्ह्यांसाठी हेग येथे, आणि १९९४ साली रवांडातील वंशसंहारासाठी न्यायाधिकरण स्थापिले. या दुसऱ्याचे आसन टांझानियातील अरुशा येथे होते. दोन्ही आता आपले कार्य आटोपून बंद झाली आहेत. एकट्या हेगच्या न्यायाधिकरणापुढे साडेचार हजारांहून अधिक साक्षीदार येऊन गेले. १९९८ साली रोम येथे झालेल्या करारान्वये कायमचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ठरले व २००२ साली तो करार अंमलात आला. आपला देश त्या कराराचा सभासद नाही. परंतु त्या कराराचे अडुसष्टावे कलम कोणीही वाचावे असे आहे. साक्षीदारांची सुरक्षितता, त्यांचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य, त्यांची प्रतिष्ठा आणि त्यांचे खाजगी जीवन यांचे रक्षण करणे हे न्यायालयाचे कर्तव्य होय, असे त्यात सांगितले आहे.

साक्षीदाराला अभय दिल्याने काय साधते, याचे एक उदाहरण सांगतो. रवांडात ताबा नावाच्या विभागाचा एक नगरप्रमुख होता, झां-पॉल अकायेसू. नगरप्रमुख होण्यापूर्वी हा गृहस्थ शिक्षक व शाळातपासनीस होता, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसलो. १९९७ च्या जानेवारीत त्याचा खटला सुरू झाला, तेव्हा आरोपपत्रात स्त्रियांवरील बलात्काराचा शब्दही नव्हता. एक स्त्री साक्षीला उभी राहिली. तिचे नाव जगाला ठाऊक नाही. दप्तरी नावाच्या जागी केवळ एक रोमन अक्षर आहे. बोलता बोलता तिने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचार सांगितला. तिच्यामागून आणखी स्त्रिया बोलल्या. न्यायासनावर तिघांत एकच स्त्री न्यायाधीश होत्या, दक्षिण आफ्रिकेतील तमिळ वंशाच्या नवनीतम पिल्ले. त्याच वर्षी जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले, आणि २ सप्टेंबर १९९८ रोजी बलात्कार हाही वंशसंहाराचा प्रकार ठरू शकतो, असा निर्णय जगाच्या इतिहासात प्रथमच दिला गेला. अकायेसूला जन्मठेप झाली. हा निर्णय ज्यांच्या शब्दांवर उभा राहिला, त्या स्त्रिया आपले नाव गुप्त ठेवून बोलल्या. नाव उघड झाले असते, तर त्यांतील किती जणी बोलल्या असत्या?

आता हे काम चालते कसे ते पाहू. आमची समजूत अशी होती की, साक्षीदाराचे रक्षण म्हणजे दाराशी बंदूकधारी शिपाई. आमच्या विद्यार्थ्याने ती हसून दूर केली. दाराशी शिपाई उभा केला की, या घरात साक्षीदार राहतो, अशी दवंडीच पिटली! खरे रक्षण पहिल्या भेटीपूर्वीच सुरू होते. साक्षीदाराला भेटावयाचेच आहे काय, त्याच्यावाचून भागणार नाही काय, हे आधी ठरवावे लागते. परदेशी मोटार खेड्यात शिरली की पोरे मागे धावतात, म्हणून तपासनीस त्याच्या घरी जात नाहीत, अन्यत्र बोलावतात. दिवसभर कोठे होता असे घरी वा शेजारी विचारले तर काय सांगावयाचे, हेही आधी ठरते, आणि ते कारण रोजच्या जीवनास साजेल असेच असावे लागते. दुभाषा निवडताना तो कोणत्या गावचा, कोणत्या जमातीचा, त्याचे सोयरे कोण, हे पाहावे लागते. कारण पुष्कळदा बातमी शत्रूकडून नव्हे, दुभाष्याच्या मेहुण्याकडून फुटते. जबानीवर नावाऐवजी क्रमांक घालतात, आणि कोणता क्रमांक कोणाचा याची यादी निराळ्या ठिकाणी कुलुपात राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आम्ही काय करू शकणार नाही, हे साक्षीदाराला प्रथम सांगावे लागते. खोटा धीर देणे हे या व्यवसायातील महापाप होय. कारण न्यायालयापाशी स्वतःचे पोलीसदल नाही. ज्या त्या देशाच्या सरकारच्या सहकार्यावर सारी भिस्त. आणि कधी कधी ज्याच्यापासून भय, तेच सरकार असते.

प्रत्यक्ष साक्षीच्या वेळी टोपणनाव, पडदा, प्रक्षेपणात चेहरा व आवाज बदलणे, बंद दाराआड सुनावणी, अशी साधने योजितात. साक्षीपूर्वी त्या व्यक्तीला रिकामे न्यायालय दाखवितात. न्यायाधीश कोठे बसतात, आरोपी कोठे, आपण कोठे, हे समजावितात. साक्षीत काय बोलावे याविषयी मात्र हे रक्षक अवाक्षर काढीत नाहीत. ही मंडळी अभियोक्त्याची नव्हेत. न्यायालयाच्या निबंधकाच्या कचेरीतील असून दोन्ही पक्षांच्या साक्षीदारांना सांभाळतात. २००९ च्या जानेवारीत काँगोतील थॉमस लुबांगा याचा खटला सुरू झाला. लहान मुलांना सैन्यात ओढल्याचा त्याच्यावर आरोप होता. पहिला साक्षीदार एक तरुण मुलगा. समोर लुबांगाला पाहताच त्याने आपली जबानीच मागे घेतली. दोन आठवड्यांनी तो परत आला. या वेळी दोघांमध्ये पडदा होता, आणि तो बोलू शकला.

परंतु श्रोतेहो, याच गोष्टीचा उत्तरार्ध सांगितला नाही तर आम्ही अर्धसत्य सांगितले असे होईल. २०१२ साली निकाल लागला. लुबांगा दोषी ठरला, पण या मुलाच्या साक्षीवर न्यायाधीशांनी विसंबणे नाकारले. त्याहून मोठा धडा युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाला टॅडिच खटल्यात १९९६ साली मिळाला. संरक्षण लाभलेल्या एका साक्षीदाराने आपला पिता मरण पावला आहे, असे सांगितले. बचावाच्या वकिलांनी शोध घेतला, तो पिता जिवंत! ती साक्ष अभियोक्त्यांना मागे घ्यावी लागली. पडद्याआड भयभीत सत्य उभे राहू शकते, तसेच निर्भय असत्यही उभे राहू शकते. आरोपीलाही आपल्यावर आरोप करणारा कोण, हे जाणून त्याचा उलटतपास घेण्याचा हक्क आहे. म्हणून पडदा जगासाठी असावा. न्यायाची तपासणी पडद्याच्या आतही चालू राहावी. या दोन टोकांमधील तोल सांभाळणे हेच या कामातील खरे कौशल्य.

शेवटचा उपाय स्थलांतराचा. जीवाला धोकाच असेल तर साक्षीदाराला कुटुंबासह अन्य गावी, वेळ पडल्यास अन्य देशी नेऊन ठेवितात. ऐकावयास हे सुखाचे वाटते. सरकारी खर्चाने परदेश, आणखी काय हवे! पण क्षणभर विचार करा. आपल्या या स्मरणिकेच्या शेवटी दरवर्षी कुटुंबांची सूची असते : कर्त्याचे नाव, मूळ गाव, व्यवसाय, मुलांचे शिक्षण, दूरध्वनी क्रमांक. सूचीत नाव चुकले तर आपण चिटणीसांना रागाने पत्र लिहितो. स्थलांतरित साक्षीदाराचे नाव असल्या कोणत्याही सूचीत पुन्हा येत नाही. त्याने मूळ गाव सांगावयाचे नाही. भावाच्या लग्नास जावयाचे नाही. आई वारली तर खांदा द्यावयास जावयाचे नाही. आपल्या भाषेचा मनुष्य रस्त्यात भेटला तर आनंदाऐवजी भय वाटावयाचे. खरे बोलल्याबद्दल एवढी किंमत! म्हणूनच शहाणे रक्षक हा उपाय शेवटी योजितात. साक्षीदाराला शक्य तो त्याच्या मातीतच ठेवण्याचा यत्न करतात.

जेथे हे रक्षण तोकडे पडते तेथे काय होते, याचीही उदाहरणे आहेत. कोसोव्होच्या रामुश हारादिनाय याच्या खटल्यात साक्षीदार इतके भयग्रस्त होते की, निर्दोष सुटका झाल्यावरही २०१० साली अपील न्यायासनाने काही आरोपांची फेरसुनावणी फर्मावली. दोन वर्षांनी तो पुन्हा निर्दोष सुटला. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर हजारांवर माणसे मारली गेली. त्यासंबंधीच्या खटल्यांत एकामागून एक साक्षीदार गळाले. एक खटला २०१४ साली मागे घेतला गेला, दुसरा २०१६ साली मध्येच संपुष्टात आला; तेथे एका न्यायाधीशाने साक्षीदारांवर आलेल्या दडपणाचा स्पष्ट उल्लेख केला. आरोपी दोषी होते की नव्हते, हे सांगणारे आम्ही कोण? दुःख इतकेच की, ते आता न्यायालयालाही सांगता आले नाही.

आणि आता घरच्या गोष्टीकडे वळतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता देऊन ती देशभर लागू केली. धोक्याच्या मानाने साक्षीदारांचे तीन वर्ग त्यात केले आहेत. महाराष्ट्राचाही २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु गावात साक्षीदाराला फितूर करावयास सुरा लागत नाही. पाणवठ्यावर कोणी न बोलणे, मुलीच्या सोयरिकीत खो घालणे, एवढे पुरते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यास २०१६ चा कायदा करावा लागला, यातच सारे आले. गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. ते चांगल्यासाठी खरे आहे, तसेच वाईटासाठीही.

हे सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे काय? ऐका. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, एका खेड्यात, वर्गात जमविलेल्या फीचे पैसे नाहीसे झाले. आम्ही भर वर्गात विचारले, “कोणी पाहिले?” एक मुलगा उभा राहिला व त्याने गावातील बड्या घरच्या मुलाचे नाव घेतले. पैसे मिळाले. आम्ही त्याला “शाबास” म्हटले. आठ दिवसांत त्याच्या बापाचे त्या घरच्या शेतावरील काम सुटले, आणि पुढल्या महिन्यात मुलाचे नाव पटावरून कमी झाले. आम्ही पटावर तांबड्या शाईने रेघ मारली. त्याच्या घरी गेलो नाही. सत्यवचनावर निबंध मात्र वर्षानुवर्षे लिहून घेतले.

गेल्या वर्षी आमचा तो परदेशस्थ विद्यार्थी भेटीस आला. तोही त्याच वर्गात होता. ती गोष्ट निघाली. आम्ही विचारले, “तुझ्या शास्त्राप्रमाणे आम्ही काय करावयास हवे होते?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, सगळ्यांनाच एकेकटे बोलावून विचारावयास हवे होते. म्हणजे कोण बोलले, हे कोणास कळले नसते.” केवढे साधे उत्तर! चाळीस वर्षांत ते आम्हांस सुचले नव्हते.

ज्ञातिबांधवहो, हेग आपल्यापासून दूर आहे. परंतु उद्या आपल्यापैकी कोणी, कदाचित आपल्यापैकीच दुसऱ्या कोणाविरुद्ध, खरी साक्ष द्यावयास उभा राहील. त्या वेळी या मंडळाने त्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगावयास शिष्टमंडळ पाठवू नये. त्याच्या घरी नेहमीप्रमाणे जावे, त्याच्या मुलांना नेहमीप्रमाणे बोलवावे, आणि पुढील वर्षीच्या सूचीत त्याचे नाव जेथे होते तेथेच छापावे. आमच्या मते तेच त्याला दिलेले अभय होय.