चालणारा संगणक आणि सुरक्षित संगणक



संगणक सुरू होतो म्हणजे तो सुरक्षित आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. 'विंडोज एक्सपी' या कार्यप्रणालीचा इतिहास तो खोडून काढतो. मायक्रोसॉफ्टने ती २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आणली. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' या घातक प्रोग्रॅमने जगभरातील असंख्य संगणक ग्रासले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती जुलैमध्येच उपलब्ध झाली होती. अनेकांनी ती बसवली नव्हती, इतकेच! २००४ च्या 'सर्व्हिस पॅक २'पासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली.

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची अद्यतने थांबली. यंत्रे मात्र चालतच राहिली, अगदी बँकांची एटीएमसुद्धा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले, तेव्हा कंपनीला निवृत्त एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. आपल्या रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाद्वारे सर्व एटीएममधील जुन्या प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्याचे बंधन बँकांवर घातले. परीक्षेच्या दृष्टीने हा तपशील लक्षात ठेवावा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चे नियमित साहाय्यही संपले. 'विंडोज ११'साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्याने अनेक धडधाकट संगणक तेथवर पोहोचू शकत नाहीत. त्यांच्यापुढे मर्यादित काळाची वाढीव अद्यतने, लिनक्ससारखी मुक्त प्रणाली किंवा नवी खरेदी हेच पर्याय उरतात.