रस्ता मोठा होतोय, आपलं नाव कुठाय?



खारेपाटण, कणकवली, कसाल, कुडाळ, झाराप. मुंबई-गोवा रस्ता आपल्या जिल्ह्यातून असा जातो. आधी १७ नंबर होता, आता ६६. कसालला वळून आपण मालवणच्या बाजाराला जातो. रस्ता नको, असं आपण म्हणत नाही. पण पैसा कुणाचा? केंद्र सरकार पेट्रोल-डिझेलवर रस्त्यासाठी उपकर घेतं. मीठ-तेल टेम्पोनं येतं, म्हणजे तो आपणही भरतो.

आखणी मात्र वर होते. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. जमीन घ्यायची सूचना राजपत्रात निघते, दोन पेपरांत छापतात. हरकतीला मुदत २१ दिवस. आपल्या वाडीवर पेपर येतो का? मग मागाहून म्हणतो, "आमका कोणी इचारूक नाय."

मोबदला सातबारा बघून ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या कसतो, पण कागदावर नाव नाही, तर हातात काय येणार? म्हणून वनहक्काचा दावा आधी. २००६ चा कायदा सांगतो, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कब्जातल्या वनजमिनीवरून आपल्याला हटवता येत नाही. त्याच कायद्यानं, ग्रामसभेच्या शिफारशीवर, गावच्या रस्त्याला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. महामार्गाला कोटी, आणि आपली पायवाट पावसात बंद!

तेव्हा तीन कामं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर दावा भरा, पोच घ्या. वाडीतल्या शिकलेल्या पोरीपोरांनी सूचनांवर नजर ठेवावी. आणि वाडीच्या रस्त्याचा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या.

जिंदाबाद!